गिरजामायची गोफण

हसनाबादच्या अलीकडे, गिरजा नदीच्या काठी आमचं गाव. नदीमुळे गावात गिरिजाबाई बऱ्याच होत्या, पण नुसतं गिरजामाय म्हटलं की एकच समजायची, पाखरं राखणारी.

शाळू निसवून हुरड्यात आला की अण्णासाहेबांच्या रानात चार मेढींवर माळा उभा राहायचा आणि दिवस उगवायच्या आत गिरजामाय त्यावर चढायची. पदर खोचलेला, पायाशी नदीतल्या गोट्यांची नि वाळक्या ढेकळांची रास, हातात अंबाडीच्या दोरीची गोफण. गोफणीचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत, मधल्या वाटीत गुंडा. डोक्याभोवती दोन-तीन फेरे घेऊन ती चिमूट सोडायची. शेंड्याचा फट्ट आवाज व्हायचा आणि गुंडा कणसांच्या वरून सूं करत जायचा. तो पाखरांना लागावा असं तिला वाटत नसे. त्याच्या आवाजानेच भोरड्यांचा थवा उठायचा, हवेत एकदा दुमडायचा आणि दुसऱ्याच्या शेतात पडायचा.

ते दुसरं शेत पुंजारामचं. दोन्ही शेतांच्या मधून पांदण जायची, गाडीवाट. पांदणीने बाया, गुरं, शाळेची पोरं येत-जात. शाळू पुरुषभर वाढलेला असला की गिरजामायला माळ्यावरूनही पांदण दिसत नसे, पण पुंजारामचा माळा पांदणीला लागूनच होता, त्यावरून ती सरळ दिसे. म्हणून त्यांचा एक रिवाज पडलेला होता. पांदणीच्या अंगाला गुंडा टाकायचा असला की गिरजामाय हाळी द्यायची, "गुंडा आलाऽऽ!" पुंजाराम पांदण बघायचा आणि मोकळी असली तर ओ द्यायचा, "येऊ देऽऽ!" ओ आली नाही तर त्या अंगाला गुंडा सोडायचा नाही, मग पाखरं अख्खं शेत खाऊन जावोत. हा रिवाज तिच्या सासूपासून चालत आलेला होता.

हाळीच्या मधल्या वेळात दोघांचं भांडण चालायचं. ते ऐकायला बाया पांदणीत रेंगाळत.

"माय, आवर तुझ्या पाखरांना. माझ्या रानात पंगत मांडली त्यांनी."

"जेवण तर इकडंच झालंय त्यांचं. तुझ्याकडं पान खायला आली असतील."

"मंग पानाचा खर्चा तू दे."

"देते की. तुझी बायको रानात येती तव्हा तिच्या हाती देते. तू घरी भांडे घासून राह्यला असशील ना."

गावातल्या पोरांना ही हाळी नि ओ तोंडपाठ होती. शाळेच्या मैदानावर चेंडू फेकतानाही एक पोरगं "गुंडा आला" म्हणायचं आणि दुसरं "येऊ दे". माझी बेबीही म्हणायची.

मी मूळची अंबडची. जालन्याला मराठी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन या गावात आले. नवरा, साहेबराव, वाटूरकडे ग्रामसेवक होते, सुट्टीला घरी येत. घरात सासूबाई, सगुणाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, मी, आणि आमची एकुलती एक बेबीनंदा. बेबीला गप्प बसवणं हे आमच्या घरातलं मोठं काम होतं. कोंबडीशी बोलायची, चुलीशी बोलायची, जेवताना घास गालात ठेवून बोलायची. आत्याबाई म्हणायच्या, "हिला मुकी सासू बघा, जोडा बराबर जमंल."

अठ्ठ्याऐंशी सालच्या माघातली गोष्ट. बेबी दुसरीत होती. हसनाबादचा बाजार होता, म्हणून शाळा लवकर सुटली. ती घरी न येता हुरड्याच्या लोभाने पांदणीने गेली. मी शेंगा निवडत बसले होते. पांदणीकडून एक बाई धावत आली. ती मला हाताला धरून पांदणीकडे ओढत घेऊन गेली.

बेबी शाळूच्या कडेला पडलेली होती. हनुवटीची उजवी बाजू आत गेलेली, तोंडातून रक्त, डोळे अर्धे उघडे. तिच्या मुठीत हुरड्याचं अर्धं कणीस होतं. गिरजामाय माळ्यावरून उतरून तिच्या डोक्याशी बसली होती आणि तिने आपला पदर फाडून बेबीच्या तोंडाला लावला होता. मला बघून ती एवढंच म्हणाली, "ओ आल्ती. म्या हाळी दिल्ती, मंग ओ आल्ती."

त्या क्षणी मला त्याचा अर्थही लागला नाही.

अण्णासाहेबांच्या जीपमधून आम्ही भोकरदनला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी हात लावला नाही, जालन्याला पाठवलं. त्या रस्त्यावर मी बेबीला सारखी म्हणत होते, बेबी, बोल, काहीतरी बोल. तुटक्या जबड्याच्या पोरीला मी बोल म्हणत होते. पण ती गप्प असलेली मी कधी पाहिलेलीच नव्हती. ती बोलली तर ती आहे, असं मला वाटत होतं.

जालन्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी जबडा जागेवर बसवला, दात तारेने बांधले आणि वरून पट्टी घेतली. मधोमध रुंद, दोन्हीकडून फाडून चार शेंड्या केलेली. रुंद भाग हनुवटीखाली बसवला आणि शेंड्या डोक्यावर नि मानेमागे बांधल्या. मी बघत होते. त्यांना वाटलं, मला धीर हवा आहे. म्हणाले, "घाबरू नका. फार जुनी पट्टी आहे ही. आमचे वडील वैद्य होते. ते हिला गोफणाबंध म्हणायचे. गोफणीत जसा गुंडा बसतो तशी हनुवटी बसते हिच्यात, हलत नाही."

मी बाहेर जाऊन भिंतीला धरून उभी राहिले. ज्या गोफणीने तोडलं तिच्याच नावाचं काहीतरी माझ्या लेकीच्या तोंडाला बांधलेलं होतं, आणि ते सोडायचं नव्हतं.

बेबीला पेज द्यायची ती दाढांमागच्या फटीतून, चमच्या-चमच्याने. निम्मी गळ्यावर ओघळायची. दुपारी साहेबराव तिच्याजवळ बसले की मी दवाखान्यातून बाहेर पडत असे, कुठे जायचं ते ठाऊक नसताना. एकदा पाय कॉलेजकडे वळले. ग्रंथालयात जुने शिपाई होते, त्यांनी ओळखलं, बसू दिलं. मी शब्दकोश मागून घेतला आणि गोफण काढली. दगड भिरकावण्याचे दोरीचे साधन, आणि कंसात, संस्कृत गोफणा. मग संस्कृतचा कोश घेतला. तिथेही तेच साधन, आणि खाली दुसरा अर्थ, हनुवटी-नाक-ओठांच्या जखमेवर बांधायची पट्टी. डॉक्टर खरं बोलत होते. आणखी एका जाड पुस्तकात लिहिलेलं होतं की गो म्हणजे गाय आणि फण म्हणजे नागाचा फणा असं कोणी फोडतात, पण ते ओढूनताणून वाटतं. हा शब्द शेतं राखणाऱ्या इथल्याच लोकांचा असेल आणि संस्कृताने तो उचलला असेल. नक्की कोणालाच सांगता येत नाही.

मी पुनःपुन्हा त्याच पानांवर जात होते. आधी गोफण आली की आधी पट्टी, हे मला कळायलाच हवं होतं. तसं कळल्याने माझ्या पोरीचं काय होणार होतं, ते मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शब्दाचं मूळ सापडलं तर दुखण्याचंही सापडेल, असलं काहीतरी डोक्यात बसलं होतं. शिपाई म्हणाले, "बाई, दिवा लावू का?" तेव्हा मला दिसलं की पानावरची अक्षरं मला केव्हाचीच दिसत नव्हती.

तारा निघाल्या. पट्टी सुटली. जबडा किंचित उजवीकडे राहिला, पण जुळला. डॉक्टर म्हणाले, "आता बोल बाळा, नाव सांग."

बेबीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटूनच ठेवलं.

दुखत असेल, सवय मोडली असेल, असं म्हणत आम्ही गावी आलो. चैत्र गेला, वैशाख गेला. बेबी जेवायची, खेळायची, सांगितलं तर घागर भरून आणायची, पण तोंडातून शब्द नाही. औरंगाबादच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले. "बिलकुल दोष नाही. भीती बसली आहे. थांबा." किती थांबायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनी अंगारे आणले, उतारे टाकले. मी बी.ए. झालेली बाई, मी त्यांना अडवलं नाही. एकदा मी स्वतःच आत्याबाईंना न सांगता एका बाबाकडे गेले आणि त्याने दिलेला ताईत बेबीच्या दंडाला बांधला. तिच्यासमोर मी पडल्याचं सोंग करून पाहिलं, रडून पाहिलं. एकदा तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं, म्हटलं, नुसतं आई म्हण. तिने माझ्या गालावरचं पाणी पुसलं आणि बाहेर निघून गेली.

गिरजामाय त्या दिवसापासून माळ्यावर चढली नव्हती. अण्णासाहेबांनी दुसरी बाई ठेवली. गाव तिला एकच विचारायचं, हाळीशिवाय गुंडा का सोडला? तिचं उत्तर एकच होतं, "हाळी दिल्ती. ओ आल्ती." पुंजाराम पारावर सगळ्यांदेखत म्हणायचा, "मी तर बाजारात व्हतो. मंग ओ कोनी दिली? भुतानं?" लोक हसायचे. त्या हसण्यात तिची आयुष्यभराची राखण बुडाली. विहिरीवर बाया तिच्या घागरीला जागा देईनात.

आणि ही बाई रोज आमच्या दारात यायची. आत नाही, ओट्याच्या खाली बसायची, अंबाडीची दोरी वळत. गोफण नव्हे, आता ती गुरांची दावी नि कासरे करून विकायची. आत्याबाई आतून ऐकवायच्या, "आली का हिशोब बघायला? अजून येक दात राह्यलाय पोरीचा." ती उत्तर देत नसे. मलाही ती नको होती. पण माझ्या एक लक्षात आलं होतं. दिवसभर कोपऱ्यात बसणारी बेबी ती आली की ओट्यावर येऊन बसायची. हळूहळू खाली उतरून तिच्याजवळ बसायला लागली. दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायला लागली. मी दारातून बघायची आणि बेबीला आत ओढून घ्यावंसं वाटायचं. तरी मी अडवलं नाही. बुडत्या माणसाने काय धरलंय ते बघायचं नसतं.

एकदा मी तिला विचारलंच. "गिरजामाय, खरं सांगा. ओ आली होती?"

"आल्ती."

"पुंजाराम नव्हताच तिथे."

"व्हय. न्हवता."

"मग कोणाची?"

तिने बेबीकडे पाहिलं, दोरीला पीळ दिला, आणि म्हणाली, "ती बोलंल तव्हा सांगंल."

माझा संताप झाला. माझी पोर बोलत नाही आणि हिने आपली साक्ष तिच्यावर टाकून ठेवली आहे. पण मग मला कळलं की गावात दोनच बायका बेबीच्या एका शब्दासाठी जीव मुठीत धरून बसल्या आहेत, आणि त्यातली दुसरी ही आहे.

दिवाळी होऊन गेली. शाळू पुन्हा गुडघ्याएवढा झाला. एका दुपारी पुंजाराम बैलाचं दावं न्यायला आमच्या दाराशी आला. दावं अर्धंच वळून झालं होतं. गिरजामाय वळत होती, बेबी टोक धरून होती, मी ओट्यावर डाळ पाखडत होते. पुंजाराम वाईट माणूस नव्हता. त्याची थट्टा त्याच्याही नकळत शिळी झाली होती, तरी ती त्याच्या तोंडातून सुटतच नव्हती.

"माय, यंदा माळ्यावर कोन चढनार? तुझं ते भूत व्हय?" तो म्हणाला. "ओ बराबर देतंय म्हनं."

गिरजामायचे हात थांबले नाहीत.

"कोनी दिल्ती गं माय ओ? नाव तर सांग त्याचं."

"म्या दिल्ती."

आवाज घोगरा होता, जाड, वापरात नसलेल्या बिजागरीसारखा. मी घरात तिला कायम मी म्हणायला शिकवलं होतं, आणि पहिला शब्द आला तो म्या. बेबीने दोरीचं टोक सोडलेलं नव्हतं. ती पुंजारामकडे बघत होती. "म्या म्हनलं येऊ दे. तुझ्यावानी."

माझ्या हातातलं सूप कुठे पडलं ते मला आठवत नाही. मी तिला कवटाळलं. आत्याबाई आतून पडत-धडपडत आल्या. पुंजारामने डोक्यावरचा रुमाल काढला आणि तो तसाच उभा राहिला. मग गावाकडे धावत सुटला, सांगायला. घटकाभरात अंगण भरलं. बाया म्हणत होत्या, गिरजामाय खरं बोलत होती, बिचारीला उगंच छळलं. तिला बोलवा म्हणाल्या. ती नव्हती. दावं अर्धवट टाकून ती केव्हाच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या करून तिच्या घरी गेले. ती चुलीपुढे बसली होती, चूल मात्र पेटलेली नव्हती. भिंतीतल्या खुंटीला ती गोफण लटकत होती. मी म्हटलं, "माय, गावाने तुम्हाला फार दुखवलं. मीही दुखवलं. तुम्ही खरं बोलत होता."

ती म्हणाली, "बस. आज समदं सांगते. आता ती बोलली, आता मला गप ऱ्हाता येत न्हाई."

मी बसले.

"लेकराची ओ धरायची नसती. हे माझ्या सासूनं पहिल्याच दिवशी शिकवल्तं. लेकरं खेळात ओ देत्यात. ओ मोठ्या मान्साची, ती बी माळ्यावरच्या, तवाच गुंडा सोडायचा. त्या दिवशी ओ आल्ती ती लेकराची हाय, हे मला तवाच वळखू आलं. पुंजाराम बाजारात गेला, ते बी ठाऊक व्हतं. सकाळी मलाच सांगून गेल्ता."

मी विचारलं, "मग का सोडला?"

"गोफण फिरत व्हती. थव्यानं त्या अंगाची कणसं धरल्ती. अण्णासाहेब बांधावर उभे राहून बघून राह्यले व्हते. वाटलं, लेकरू असंल, पर पल्याड असंल. आवाज लांबून आल्यावानी वाटला."

"फिरती गोफण थांबवता येत नाही का?" मी विचारलं. मला वाटतं, नाही येत, असं तिने म्हणावं म्हणून मी ते विचारलं होतं.

"येती," ती म्हणाली. "हात खाली घेतला की थांबती. रोज थांबवत व्हते मी."

चुलीतली कालची राख मी बघत होते. ती म्हणाली, "आता जा आन सांग गावाला. तुझा हक हाय. माझं खोटं न्हवतं, पर खरं बी न्हवतं."

मी उठले. घरी येईपर्यंत माझ्या मनात एकच होतं की सांगायचं. आत्याबाईंना, पुंजारामला, पारावर, साऱ्यांना. अंगणात पाय टाकला तर बेबी ओट्याखाली तिच्या जागेवर बसलेली होती, अर्धं दावं मांडीवर घेऊन. आत्याबाई तिला हर प्रकारे बोलतं करत होत्या. बेबी, भूक लागली का. बेबी, हे काय आहे सांग. पोर पुन्हा तोंड मिटून होती. कालपासून, त्या दोन वाक्यांनंतर, ती कोणाशीच बोलली नव्हती. मला बघून तिने दावं वर धरलं आणि रस्त्याकडे पाहिलं.

मी तशीच मागे फिरले. गिरजामाय अजून चुलीपुढेच होती. दारातच उभी राहून मी म्हटलं, "दावं अर्धं राहिलंय. चला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला तिची कीव आली नव्हती, तिला माफही केलेलं नव्हतं. ती उठली, पदर सावरला आणि माझ्या मागून चालत आली.

त्या दिवसापासून ती ओट्याच्या खाली बसत असे आणि मी आत, भिंतीच्या अलीकडे, हातात काहीतरी काम घेऊन, पण काम न करता. आधी पुष्कळ वेळ नुसता दोरीचा आवाज यायचा. मग केव्हातरी तो घोगरा आवाज, एखादाच शब्द, आणि माझा श्वास त्याच्या मागे मागे. तो थांबला की मी थांबायची. पुन्हा येईल की नाही, याची खात्री मला कधीच वाटली नाही. आजही वाटत नाही. बेबीला आता स्वतःचं घर आहे, फोनवर ती तासभर बोलते, आणि मधेच क्षणभर गप्प झाली की इकडे मी फोन कानाला घट्ट दाबून धरते.

गिरजामाय पुढे कोणाच्या माळ्यावर चढली नाही. गावाने आग्रह केला, अण्णासाहेब स्वतः आले. तिने नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं.

त्या सुरुवातीच्या दिवसांतला एक दिवस मला नीट आठवतो. बेबीचा पहिला पूर्ण प्रश्न मी भिंतीआडून ऐकला.

"माय, गोफणीला गोफण का म्हनत्यात?"

मला कॉलेजातली सगळी पानं आठवली, गाय, नागाचा फणा, हनुवटीची पट्टी. ओठावर आलेलं मी गिळलं.

गिरजामायने हातातला पेड वर धरून तिला दाखवला. मग म्हणाली, "पेड येकात येक घालून दोरी विनली की गोफ व्हतो. गोफ विनायचा म्हनून गोफण. दुसरं काय न्हाई त्यात. धर, तुझ्या हातचा पेड ढिला पडून राह्यला."

"धरलाय की," बेबी म्हणाली. "तूच ओढ."